प्रोसेसरचे पुस्तक आणि त्याचा वाचक

समीक्षा करायची ती कथा-कविता-कादंबरीचीच, असा एक समज आपल्या वाङ्मयीन व्यवहारात घट्ट बसलेला आहे. कायद्याचे कलम, सरकारी परिपत्रक, शाळेचे क्रमिक पुस्तक यांच्याकडेही संहिता म्हणून पाहावे, त्यांचा निवेदक कोण, त्यांनी गृहीत धरलेला वाचक कोण, कोणाला वगळून हे लिहिले गेले, असे प्रश्न त्यांना विचारावेत, हे आता काही प्रमाणात मान्य झाले आहे. यंत्राच्या माहितीपुस्तकाकडे मात्र अजून कोणी त्या नजरेने पाहत नाही. ते ‘तांत्रिक’ आहे, म्हणजेच निष्पक्ष आहे, असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे तपासले पाहिजे. त्यासाठी मी मोबाइल फोनमधल्या प्रोसेसरचे मॅन्युअल घेतो. आज विद्यार्थ्याच्या, शिक्षकाच्या, शेतमजुराच्याही खिशात जे यंत्र आहे, त्याचे सारे व्यवहार ज्या चिपवर चालतात तिची ही पोथी आहे. आणि ती मिळवायला निघाले तर कोणाला मिळते व कोणाला नाही, यातच तिचा निम्मा अर्थ आहे.

मोघम बोलण्यापेक्षा एक ठरावीक फोन घेऊ. नोकिया कंपनीने २००९ च्या अखेरीस एन९०० हा फोन बाजारात आणला. सरकवून उघडणारा कळफलक आणि आत लिनक्सवर आधारलेली मीमो ही प्रणाली; वापरणाऱ्याला आत शिरू देणारा फोन अशी त्याची ख्याती होती. प्रोसेसर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ओमॅप ३४३०, वेग ६०० मेगाहर्ट्झ. समजा हा फोन एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती आहे. कंपनीच्या प्रणालीवर न विसंबता स्वतःचा प्रोग्राम थेट या यंत्रावर चालवावा अशी त्याची इच्छा आहे. त्याचा पहिलाच प्रश्न असा असणार की, या प्रोसेसरचे पुस्तक कुठे आहे?

शोध नावापासून सुरू होतो, आणि नावच सापडत नाही. फोन उघडला, पत्र्याचे कवच काढले, तर बोर्डावर जी सर्वांत मोठी चिप दिसते तिच्यावरचे अक्षर प्रोसेसरचे नसते. जागा वाचवण्यासाठी प्रोसेसरच्या डोक्यावर स्मृतीची चिप बसवलेली असते. खालचा राबतो, नाव वाचता येते ते वरच्याचे. यात कोणाचा कट नाही, ही निव्वळ बांधणीची सोय आहे. तरीही शोधणाऱ्याला पहिला धडा इथेच मिळतो की, समोर दिसणारे चिपवरचे नाव पुरेसे नाही. खरे नाव त्याला प्रणालीच्या आतून, कर्नल सुरू होताना उमटणाऱ्या ओळींतून काढावे लागते.

नाव मिळाल्यावर कळते की पुस्तक एक नाही. एकाच चिपचे तीन मालक आहेत आणि तिघांची तीन पुस्तके. पहिले पुस्तक आर्म या कंपनीचे. १९९० साली एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय या तिघांनी मिळून ही कंपनी स्थापन केली, आणि तिचा धंदा मोठा चमत्कारिक आहे. तिने आपला पसारा चिपा विकून उभा केला नाही. चिपेच्या गाभ्याचे आराखडे इतरांना वापरायला देऊन उभा केला. ओमॅप ३४३० चा गाभा म्हणजे आर्मचा कॉर्टेक्स-ए८. या गाभ्याला कोणत्या आज्ञा समजतात, त्याची रजिस्टरे किती, आज्ञा कोणत्या क्रमाने पार पडतात, हे सारे आर्मच्या मॅन्युअलमध्ये आहे आणि ते कोणालाही मिळते. हे व्याकरणाचे पुस्तक म्हणावे. पण नुसत्या व्याकरणावर बोलता येत नाही. कोणाशी बोलायचे ते माहीत असावे लागते.

दुसरे पुस्तक टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे, आणि माझ्या विवेचनाचा खरा विषय तेच आहे. त्याच कुळातला ओमॅप ३५३० हा भाऊ कंपनीने खुल्या बाजारात विकला. २००८ साली १४९ डॉलरला मिळणाऱ्या बीगलबोर्ड या छोट्या बोर्डावर तो बसवला गेला, आणि त्याचे मॅन्युअल सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. तीन हजारांहून अधिक पानांचे पुस्तक. त्याला लेखक नाही. एवढा मोठा ग्रंथ लिहिणारी माणसे त्यात कुठेच नाहीत. क्रियापदे बहुतेक कर्मणी, कर्ता बेपत्ता. तरी वाचत गेले की त्यात एक प्रकारची सचोटी जाणवते. एक साधे उदाहरण देतो. या चिपेला सामान्य कामाच्या पिनांचे सहा गट आहेत, प्रत्येक गटात ३२ पिना. पहिल्या गटाचा पत्ता सोळाच्या पायावर लिहिला तर ४८३१००००. त्यापुढे ३४ वर, म्हणजे ४८३१००३४ या पत्त्यावर, ३२ बिटांचे एक रजिस्टर आहे. त्यातले एखादे बिट ० केले की त्या क्रमांकाची पिन बोलू लागते. १ केले की ती ऐकू लागते. वीज येताच सारे बिट १ असतात, म्हणजे सगळ्या पिना ऐकण्याच्या स्थितीत असतात. एवढे दोन-तीन तक्ते ज्याने नीट वाचले, त्याला या यंत्राला स्वतःच्या हुकमाने एक दिवा लावायला सांगता येते. मध्ये दुकानदार नाही, कंपनी नाही, परवाना नाही. वाचन आणि कृती यांच्यातले अंतर इतके कमी असलेले दुसरे वाङ्मय मला तरी चटकन आठवत नाही.

याच तक्त्यांत एक शब्द पानोपानी भेटतो : ‘राखीव’. बिट क्रमांक अमुक ते तमुक, राखीव. त्यात शून्यच लिहा, वाचल्यास काय मिळेल याची हमी नाही. आपल्याकडे राखीव म्हणजे ज्यांना आजवर बाहेर ठेवले त्यांच्यासाठी धरलेली जागा. मॅन्युअलच्या भाषेत राखीव म्हणजे वाचकाने जिथे पाऊल टाकायचे नाही ती जागा. पुष्कळदा ती खरोखरच रिकामी असते, पुढच्या आवृत्तीसाठी सोडलेली. पण काही वेळा तिथे काहीतरी असते आणि ते सांगायचे नसते. दोहोंना एकच शब्द वापरल्यामुळे वाचकाला रिकामे आणि लपवलेले यांतला फरक कधीच कळत नाही. भाषेची ही युक्ती ज्याच्या लक्षात आली, त्याने या पुस्तकाच्या मौनांचे वाचन सुरू केले असे समजावे.

आणि ही मौने विखुरलेली नाहीत, ठरावीक जागी आहेत. पडद्यावर चित्र उभे करणारा जो भाग या चिपेत आहे, पॉवरव्हीआर एसजीएक्स ५३०, तो इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीचा. त्याला घड्याळाचे ठोके कुठून मिळतात, वीज कशी बंद-चालू होते, हे मॅन्युअल सांगते. त्याच्याशी बोलायची भाषा मात्र सांगत नाही. दाराचा रंग, बिजागरी आणि उंबरा यांचे वर्णन केले. घरात काय आहे ते वगळले. दुसरे मौन सुरक्षेचे. हा प्रोसेसर दोन प्रकारांत बनत असे, एक सर्वसाधारण आणि एक ‘उच्च सुरक्षे’चा. खुले पुस्तक सर्वसाधारण प्रकाराचे. एन९०० मध्ये बसवलेला दुसऱ्या प्रकारातला. म्हणजे विद्यार्थ्याने इतका खटाटोप करून पुस्तक मिळवले, कुळ जुळले, आणि तरी त्याच्या हातातल्या चिपेचे सर्वांत आतले दालन त्या पुस्तकात नाहीच. तिसरे मौन मोडेमचे. जो भाग मोबाइलच्या मनोऱ्याशी बोलतो, ज्याच्यामुळे फोनला फोन म्हणायचे, तो वेगळ्या चिपेत, वेगळ्या प्रोसेसरवर, वेगळ्या बंद प्रणालीखाली. त्याविषयी बाहेर काहीच नाही. जिथे यंत्र दाखवते, जिथे ते विश्वास कोणावर ठेवायचा ते ठरवते आणि जिथे ते जगाशी बोलते, नेमक्या त्या तीन जागा कोऱ्या.

ही रचना कशातून आली? ओमॅप ३४३० हा माल टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स फक्त मोठ्या संख्येने फोन बनवणाऱ्या कंपन्यांना विकत असे. किरकोळ वितरकांकडे तो मिळत नसे. लाखांनी चिपा घेणाऱ्याने गुप्ततेच्या करारावर सही केली की त्याला संपूर्ण पुस्तक, शिवाय प्रश्नांची उत्तरे द्यायला कंपनीचे अभियंते. एक चिप घेणाऱ्याला ना चिप, ना पुस्तक. ज्ञानबंदी हा शब्द आपल्याकडे फार मोठी किंमत मोजून आलेला आहे, म्हणून तो इथे लगेच चिकटवण्याचा मोह मी टाळतो. त्या बंदीत वाचणाऱ्याचा जन्म पाहिला जाई, आणि शिक्षा शरीराला होई. इथे जन्म कोणी विचारत नाही, मागणीचा आकडा विचारतात. दोन्ही गोष्टी एक मानणे हा पहिलीचा अपमान आहे. परंतु आकडा विचारणारी व्यवस्थाही वाचकांची निवडच करते, आणि ती निवड गुणवत्तेची आहे असा आव मात्र तिला आणता येत नाही.

कंपन्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की पुस्तक उघडले तर प्रतिस्पर्धी नक्कल करील. हा मुद्दा मला पोकळ वाटतो. ज्याच्याकडे नक्कल करण्याइतके भांडवल आहे तो चिपेचे थर उतरवून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून हवे ते पाहू शकतो. असे काम करून देणाऱ्या व्यावसायिक प्रयोगशाळाही आहेत. बंद पुस्तकाने अडतो तो एकटा विद्यार्थी, लहान कारखानदार आणि दुरुस्ती करणारा. दुसरा मुद्दा अधिक खरा आहे : चित्राचा भाग इमॅजिनेशनच्या मालकीचा, त्यामुळे तो उघड करण्याचा अधिकार टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला नव्हता. हे मान्य. पण मग दोष एका कंपनीचा न राहता साऱ्या व्यवहाराचा ठरतो. एका पैशाच्या नाण्याएवढ्या चिपेत इतक्यांची मालकी कोंबलेली की कोणीच पूर्ण बोलू शकत नाही आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. तिसरा मुद्दा रेडिओ-लहरींच्या कायद्याचा. मोडेम कोणीही हवा तसा चालवला तर सर्वांचेच बोलणे बिघडेल, हे खरे. पण त्यातून मोडेम बदलण्यावर नियंत्रण हवे एवढेच सिद्ध होते, वाचण्यावर नाही.

आता तिसऱ्या पुस्तकाकडे येऊ. चिपेची पिन बोलते की ऐकते हे टेक्सासच्या पुस्तकात मिळाले. पण या फोनमध्ये ती पिन कशाला जोडली आहे, हे फक्त नोकियालाच माहीत. बोर्डाचा नकाशा कंपन्या प्रसिद्ध करीत नाहीत. इथे एका वेगळ्या वाङ्मयप्रकाराने वाट काढली. लिनक्सचा परवाना असा की त्याचा कर्नल बदलून फोनात घालून विकला, तर तो बदल विकत घेणाऱ्यासाठी उघड करावा लागतो. त्यामुळे नोकियाच्या अभियंत्यांनी लिहिलेल्या फायली बाहेर आल्या, आणि त्यात हे तिसरे पुस्तक तुकड्यातुकड्यांनी सापडते. कळफलक सरकवल्याचे ७१ क्रमांकाच्या पिनेला कळते. कॅमेऱ्याचे झाकण उघडल्याचे ११० ला. बाजूच्या कुलपाची कळ ११३ वर. कोणी मॅन्युअल म्हणून हे लिहिले नव्हते. प्रोग्राम म्हणून लिहिले गेले आणि वाचणाऱ्यांनी त्याचे मॅन्युअल केले.

या वाचकांनी लिहिलेल्या वाङ्मयाला मी दुय्यम म्हणायला तयार नाही. कॉर्टेक्स-ए८ च्या सुरुवातीच्या आवृत्तींत एक दोष होता. आर्मच्या दोषयादीत त्याचा क्रमांक ४३०९७३. आज्ञांच्या दोन भाषा, एक लांब आणि एक आखूड, यांच्यामध्ये उडी मारताना प्रोसेसर कधीकधी चुकीच्या भाषेत वाचू लागे. उपाय साधा होता, एका रजिस्टरमधले एक बिट बदलायचे. पण एन९०० च्या ‘उच्च सुरक्षे’च्या चिपेत ते बिट बदलायचा हक्क बाहेरच्या प्रोग्रामला नाही, आतल्या, नोकियाने बसवलेल्या दालनाला विनंती करावी लागते. ही विनंती कशी करायची ते फोन वापरणाऱ्यांनी शोधले, आणि फोन बाजारातून गेल्यानंतरही त्यांनी ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये नोंदवून ठेवले. ज्या दालनाचे पुस्तक नाही त्या दालनाविषयी लिहिलेली ती चार-दोन पाने आहेत. ती लिहायला किती रात्री गेल्या असतील याची कल्पना वाचकाने करावी.

असेच इतरत्र झाले. रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक २०१२ मध्ये आला. त्यातली ब्रॉडकॉमची बीसीएम २८३५ ही चिप मोबाइलसारख्या उपकरणांसाठीच रचलेली होती. तिच्याविषयी २०५ पानांचे एक पुस्तक बाहेर पडले. पुस्तक अपुरे, चुकांनी भरलेले. आणि त्या चुकांची यादी वाचकांनीच करून मांडली. चित्राच्या भागाचे पुस्तक नव्हते. ब्रॉडकॉमने ते फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. माली या आर्मच्या चित्र-प्रोसेसरचे पुस्तक तर आलेच नाही. त्याची भाषा बाहेरून ऐकून ऐकून काहींनी शिकून घेतली आणि त्यांनी लिहिलेले ‘लिमा’ हे काम २०१९ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाले. मोडेमच्या बाबतीत जर्मनीतल्या हॅराल्ड वेल्टे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ओस्मोकॉमबीबी हा उपक्रम सुरू केला. टेक्सासच्याच कॅलिप्सो या जुन्या चिपेवर चालणारे मोटोरोलाचे स्वस्त फोन त्यांनी निवडले, आणि मनोऱ्याशी बोलणारा प्रोग्राम स्वतः लिहून दाखवला. महागडा फोन निवडला नाही, कारण ज्याची माहिती कशीतरी मिळत होती तो फोन हाच होता.

पुस्तक खुले असल्याने नेमके काय होते, याचे उत्तर एन९०० च्या आयुष्यात आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१२ मध्ये फोनच्या प्रोसेसरांचा धंदा सोडला. त्या नोव्हेंबरात कंपनीने १७०० माणसांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले. नोकियाचा फोन विभाग एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. आई गेली, बाप गेला. तरी हा फोन मेलेला नाही. मीमो लेस्ते, पोस्टमार्केटओएस यांसारख्या स्वयंसेवी प्रणाली त्यावर चालतात, नव्या कर्नलसह. त्याच काळातले कितीतरी अधिक ताकदीचे फोन बॅटरी शाबूत, पडदा शाबूत असूनही भंगारात गेले, कारण कंपनीने हात काढला आणि दुसऱ्या कोणाला हात घालायला पुस्तक नव्हते. आणि एन९०० मध्येही जे अडून बसते ते तिथेच, जिथे पुस्तक कोरे होते. इमॅजिनेशनने २०२२ मध्ये आपल्या पुढच्या पिढीच्या चित्र-प्रोसेसरांसाठी खुला प्रोग्राम दिला. एसजीएक्सची पिढी त्यात नाही.

आपल्या शिक्षकांना यात नवे काही वाटू नये. महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत पिढ्यान्‌पिढ्या इंटेलचा ८०८५ शिकवला गेला. १९७६ चा हा प्रोसेसर. त्याच्या २५६ शक्य संकेतांपैकी २४६ पुस्तकात दिलेले. उरलेले दहा कोरे. मुलांनी तो तक्ता पाठ केला, परीक्षा दिल्या, नोकऱ्या शोधल्या. त्या कोऱ्या दहा जागी चालणाऱ्या आज्ञा होत्या आणि १९७९ मध्येच त्या एका नियतकालिकात छापून आल्या होत्या. वर्गात हे किती ठिकाणी सांगितले गेले? मॅन्युअल हे प्रमाण मानायचे, ते प्रश्नाने उघडायचे नाही, ही पाठांतराची सवय कंपनीच्या फायद्याची आहे. विद्यार्थ्याच्या फायद्याची ती कधीच नव्हती.

लॅमिंग्टन रोडवरचा दुरुस्तीवाला या बाबतीत आपल्या प्राध्यापकांच्या पुढे आहे. त्याच्यापुढच्या पडद्यावर बोर्डाचा जो नकाशा उघडा असतो तो बहुधा कोणाच्या परवानगीने आलेला नसतो. तो हातोहात फिरत आलेला असतो. आपण त्याला ‘कारागीर’ म्हणतो आणि वाचक मानत नाही. पण कोणती रेघ कुठे जाते, कुठे तीन व्होल्ट हवेत आणि का नाहीत, हे तो ज्या बारकाईने वाचतो, तितक्या बारकाईने कविता वाचणारे समीक्षक माझ्या पाहण्यात थोडे आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि त्या डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केले. मोबाइल फोन त्यात आहेत. मात्र सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका एवढ्यावर समाधान मानायचे का, हे ठरवावे लागेल. सुट्या भागाने फोन आज चालू होतो. कंपनीने पाठ फिरवल्यावर पाच वर्षांनी तो चालायचा असेल तर प्रोसेसरचे पुस्तक लागते, आणि ते त्या मागणीत अजून कोणी लिहिलेले नाही.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न काही शिक्षक विचारतील. क्वालकॉमच्या फोनमधल्या बहुतेक प्रोसेसरांचे पुस्तक मिळणार नाही. २०१५ च्या ड्रॅगनबोर्ड ४१०सी या बोर्डावरच्या चिपेचे मिळते. पाइनफोन हा २०२० मध्ये आलेला फोन ऑलविनरच्या ए६४ वर चालतो आणि त्या चिपेचे मॅन्युअल सर्वांना खुले आहे. मोडेम तिथेही बंदच. ओमॅपचे तीन हजार पानांचे पुस्तक आहेच. ते सारे इंग्रजीत आहे, आणि त्यातले वाक्य इतके ठोकळेबाज की बारावी झालेल्या मुलाला शब्दकोश घेऊन आठवडाभरात सवय होते. अडतो तो संकल्पनांत, आणि तिथे मराठीत समजावून सांगणारा माणूस लागतो. पिनांचे प्रकरण आधी घ्यावे, घड्याळांचे नंतर. ‘राखीव’ लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने रेघ मारावी, आणि लिनक्सच्या फायलींत त्या पत्त्यावर कोणी काही लिहिले आहे का ते ताडून पाहावे.